पडक्या गुसुकूचा इतिहास कसा वाचावा: कात्सुरेनच्या चढावर

ओकिनावाला येणारे बहुतेक पाहुणे कात्सुरेनचा किल्ला तासाभरात उरकतात. वर चढतात, समुद्राचे फोटो काढतात, अमावारी नावाच्या बंडखोर सरदाराची गोष्ट फलकावर वाचतात आणि उतरतात. गोष्ट रंगतदार आहे, यात शंका नाही. पण ती लिहिली गेली किल्ला पडल्यावर जवळजवळ दोनशे वर्षांनी, आणि तीही किल्ला पाडणाऱ्यांच्या राजधानीत. दगड मात्र त्या गोष्टीच्या आधीपासून इथे आहेत. म्हणून माझ्याबरोबर जो कुणी येतो त्याला मी एकच अट घालते: आधी दगड बघायचे, मग मातीतून निघालेल्या वस्तू, आणि गोष्ट सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर तोच किल्ला अगदी वेगळं काही सांगायला लागतो.

मी इकडे येण्याआधी शाळेत इतिहास शिकवत असे. नवऱ्याच्या संशोधनाच्या नोकरीमुळे आम्ही ओकिनावात राहायला आलो, आणि भारतातून येणाऱ्या ओळखीच्या लोकांना किल्ले दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. इथे लिहितेय ती रीत त्यातूनच बसत गेली. ती कात्सुरेनला धरून सांगते, पण ओकिनावातल्या कुठल्याही पडक्या किल्ल्याला लागू पडेल. या किल्ल्यांना इथे गुसुकू म्हणतात.

निघण्याआधी चार सालं पाठ करा

जास्त वाचून जाऊ नका. र्‍युक्यू, म्हणजे आजचं ओकिनावा, हे जपानपासून वेगळं, स्वतंत्र राज्य होतं आणि 1879 मध्ये जपानने ते खालसा केलं, एवढं माहीत असलं तरी पाया झाला. त्याच्या आधी बाराव्या-तेराव्या शतकापासून बेटावर जागोजागी स्थानिक सरदार होते. त्यांना अजी म्हणत. प्रत्येकाचा आपापला गुसुकू. पुढे उत्तर, मध्य आणि दक्षिण अशी तीन राज्यं झाली.

पहिलं साल 1429. शो हाशी या राजाने तिन्ही राज्यं एक केली आणि शुरी ही राजधानी झाली. दुसरं 1453. गादीवरून घरातच भांडण पेटलं, त्यात शुरीचा वाडा जळाला, आणि पुढच्या वर्षी शो ताइक्यू राजा झाला. तिसरं 1458, कात्सुरेन पडला ते वर्ष. चौथं 1650, म्हणजे र्‍युक्यूचा पहिला अधिकृत इतिहास लिहिला गेला ते वर्ष. हे चौथं साल बहुतेक जण विसरतात, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. शेवटच्या दोन सालांमधलं अंतर डोक्यात असलं की फलक वाचताना कान टवकारलेले राहतात.

उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी लवकर जा. कात्सुरेनच्या टेकडीवर सावली नावाला नाही. मे-जूनमध्ये पावसाळा असतो आणि चुनखडीच्या पायऱ्या ओल्या झाल्या की शेवाळावरून पाय सटकतो. नंतर ऑक्टोबरपर्यंत वादळांचे दिवस. डिसेंबर ते मार्च सगळ्यात चांगला, फक्त वर वारा झोंबतो. बूट पक्क्या तळव्याचे घाला, आणि गवतात शिरू नका. इथे हाबू नावाचा विषारी साप आहे, आणि पडक्या भिंतींच्या फटी ही त्याची आवडती जागा.

ओकिनावाचं मुख्य शहर नाहा, तिथून गाडीने साधारण तासाभराचा किंवा थोडा अधिक रस्ता आहे. याकेनाकडे जाणाऱ्या बसलाही किल्ल्याजवळ थांबा आहे. पायथ्याशी 2021 मध्ये उघडलेलं अमावारी पार्क आहे. तिथे तिकीट काढावं लागतं आणि आत संग्रहालयही आहे. माझा सल्ला असा की तिकीट घ्या, पण संग्रहालयात लगेच शिरू नका. ते उतरताना.

आधी लांबून

वर चढायला घाई करू नका. खाली रस्त्याच्या कडेला उभं राहून टेकडीची ठेवण बघा. कात्सुरेन द्वीपकल्प समुद्रात घुसलेलं आहे. त्याच्या एका अंगाला किन उपसागर, दुसऱ्या अंगाला नाकागुसुकू उपसागर. किल्ला बरोबर त्या द्वीपकल्पाच्या मानेवर बसलाय. टेकडी काही फार उंच नाही, माथा समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटर. पण आजूबाजूला तेवढं उंच दुसरं काही नसल्यामुळे दोन्हीकडचं पाणी हातात येतं.

इथे आपल्या सवयीची नजर थोडी बाजूला ठेवावी लागते. सह्याद्रीतले गड चढलेला माणूस किल्ला म्हटलं की कडा शोधतो, अवघड वाट शोधतो, शत्रू कुठून येईल ते शोधतो. कात्सुरेनला तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: इथून जहाजं कुठे दिसतील? ज्याने ही जागा निवडली त्याला बंदर हवं होतं. द्वीपकल्पाच्या दक्षिण अंगाला उथळ, शांत पाणी आहे, प्रवाळाच्या पट्ट्याने आतली लाट मोडलेली. त्या काळच्या जहाजांना एवढं पुरे होतं.

भिंतीपाशी थांबा, बराच वेळ

आता पहिल्या मोठ्या भिंतीजवळ जा आणि तोंड दगडापासून हातभर अंतरावर आणा. हात लावू नका, भिंतीवर चढू तर अजिबात नका. फक्त बघा.

हा दगड म्हणजे र्‍युक्यूची चुनखडी, प्रवाळापासून बनलेली. नीट पाहिलं तर दगडात अख्खा समुद्र दिसतो. फांद्यांचं प्रवाळ आडवं कापलं गेलं की वाटोळ्या चकत्या दिसतात. गोल प्रवाळ असेल तर कोबीच्या कापासारखे एकात एक वळलेले पदर. मधेच शिंपल्याची एखादी पातळ रेघ. नवा कापलेला दगड पिवळसर पांढरा असतो. ऊन-पाऊस खाऊन तो करडा आणि मग जवळजवळ काळा होतो, वर भोकंभोकं पडतात. दगड मऊ असल्यामुळे त्या काळच्या छिन्नीने तो चांगला घडवता येई. गुसुकूंच्या भिंती एवढ्या गुळगुळीत वळणांच्या का, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

मग दगडाचा रंग वापरून नवं-जुनं वेगळं करायला शिका. जिथे सलग उजळ, धारदार कडांचे चिरे दिसतात तिथे अलीकडे दुरुस्ती झाली आहे. कात्सुरेनला हे नीट ओळखणं फार गरजेचं, कारण भिंतीचा बराच भाग आपल्या काळात पुन्हा रचलेला आहे. 27 फेब्रुवारी 2010 च्या पहाटे ओकिनावाजवळच्या समुद्रात मोठा भूकंप झाला, तेव्हा तिसऱ्या आवाराच्या भिंतीचा एक कोपरा ढासळला. तो नंतर बांधून काढला. दुरुस्ती झालीय म्हणून नाक मुरडू नका. दुरुस्त केलेली भिंत पाहिली की मूळ भिंत पूर्ण उभी असताना कशी दिसत असेल याचा अंदाज येतो. फक्त फोटो काढताना आपण पंधराव्या शतकाचा काढतोय की एकविसाव्या, एवढं ठाऊक असावं.

नंतर रचना. गुसुकूंमध्ये दगड रचायच्या तीन पद्धती दिसतात आणि त्या ओळखायला अर्धा दिवस पुरतो. सगळ्यात साधी म्हणजे अनघड दगड जसे मिळाले तसे बसवायचे, फटीत लहान दगड ठोकायचे. तिला नोझुरा-झुमी म्हणतात. दुसरी नुनो-झुमी: दगड चौकोनी घडवून आडव्या थरांत लावायचे. तिसरी आइकाता-झुमी, म्हणजे पाच-सहा बाजूंचे दगड एकमेकांत असे घडवून बसवायचे की मधे पातीही जाऊ नये. तिन्हींत चुना नाही, फक्त वजन आणि घडण. कात्सुरेनला तुम्हाला मुख्यतः नुनो-झुमी दिसेल.

यावरून वय सांगायचा मोह होतो. अनघड म्हणजे जुनं आणि घडीव म्हणजे नवं, असं सरळ गणित मांडू नका. दगड कुठला मिळतो यावरही खूप अवलंबून असतं. उत्तरेकडच्या नाकिजिनचा किल्ला घ्या. तिथली चुनखडी फार जुनी आणि कठीण, घडवायला त्रासाची. म्हणून तिथल्या दीड किलोमीटर लांबीच्या तटात अनघड दगडच दिसतात, आणि ते एका बलाढ्य राज्याचं ठाणं होतं. म्हणजे अनघड भिंत पाहून बांधणारा गरीब किंवा अडाणी होता असं ठरवायचं नाही.

भिंतीचा वरचा कठडा किंवा एखादी फुटलेली बाजू दिसली तर आत डोकावा. बाहेरच्या आणि आतल्या अंगाला घडीव चिरे, मधे लहान दगडांचा भराव. त्या भरावातून पाणी वाट काढतं आणि भिंत फुगत नाही. ओकिनावात पाऊस धो-धो पडतो. भराव मातीने तुंबला की भिंतीला पोट सुटतं, आणि मग एक दिवस ती कोसळते. कोसळलेल्या जागा बघताना आधी पाण्याचा विचार करा, शत्रूचा नंतर.

एक पाऊल मागे या आणि भिंतीची रेघ बघा. सरळ जाते कुठे? कुठेच नाही. खालचा खडक जसा वळतो तशी भिंत वळते, कोपरे गोलाईने फिरवलेले. अशा वळणावर उभ्या असलेल्या माणसाला भिंतीच्या पायथ्याशी आलेला शत्रू बाजूने दिसतो. जपानच्या मुख्य भूमीवर दगडी तटांचे मोठे किल्ले सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहू लागले. कात्सुरेन तोपर्यंत पडून शंभर वर्षं होऊन गेली होती. इथली दगडकामाची परंपरा तिकडून आलेली नाही, हे मी मुद्दाम प्रत्येकाला सांगते, कारण जपान पाहून आलेले लोक इथे ओसाकाचा किल्ला शोधत बसतात आणि निराश होतात.

खालून वर

कात्सुरेनला एकावर एक चढत जाणारी आवारं आहेत. सगळ्यात खालचं चौथं, मग तिसरं, दुसरं आणि माथ्यावर पहिलं. पूर्वेला आणखी एक वेगळं आवार आहे. क्रमांक वरून खाली असल्यामुळे चढताना उलटी गिनती होते, गोंधळू नका.

चौथ्या आवारात लोक थांबत नाहीत. तिथे बघण्यासारखं काही नाही असं वाटतं. पण माणसं राबत, पाणी भरत, ये-जा करत ती इथे. पाच विहिरी होत्या. त्यातल्या ऊतामिशी नावाच्या विहिरीच्या पाण्यावरून वर्षाच्या सुरुवातीला पीकपाण्याचा अंदाज बांधत असत. चुनखडीच्या टेकडीवर पाणी टिकत नाही, झिरपून खाली जातं आणि खालच्या मातीच्या थरावरून वाहत पायथ्याला फुटतं. म्हणून विहिरी खाली आणि वाडा वर. वेढा पडला तर चौथं आवार गेलं की पाणी गेलं. एवढी एक गोष्ट कळली की 1458 ची लढाई कशी झाली असेल याचं चित्र आपणच उभं करू शकतो.

तिसऱ्या आवाराकडे जाणाऱ्या पायऱ्या वळत जातात. आत गेल्यावर मोकळी जागा आहे, समारंभाची. किल्ला पडल्यानंतर गावच्या पुजारणी, ज्यांना नोरो म्हणतात, त्या इथे पूजा करत. त्यांच्या दगडी बैठका अजून आहेत. त्या आसनांवर बसायचं नाही. लहान मुलांना आधीच सांगून ठेवा, कारण त्यांना त्या आयत्या बाकांसारख्या वाटतात.

दुसऱ्या आवारात जमिनीवर ओळीने बसवलेले दगड दिसतील. ते वाड्याच्या खांबांचे पाये. खांब दगडावर टेकवलेला, जमिनीत पुरलेला नव्हे, म्हणजे इमारत मोठी आणि वजनदार. दोन दगडांमधलं अंतर पावलांनी मोजा, एका कडेला उभं राहून ओळ डोळ्यांनी जुळवा, आणि वाडा किती रुंद होता ते तुमचं तुम्हालाच कळेल. मी मुलांना घेऊन गेले की प्रत्येकाला एकेका पायाजवळ उभं करते, म्हणजे खांब दिसतात. याच आवारात ऊशिनुजी-गामा नावाची गुहा आहे. ती वरच्या पहिल्या आवारातल्या देवस्थानापर्यंत जाते, असं गावात सांगतात.

पहिल्या आवारात, अगदी माथ्यावर, एक मोठा गोल दगड आहे. तो किल्ल्याच्या रक्षणकर्त्या देवतेचं स्थान मानला जातो. अशा पवित्र जागांना उताकी म्हणतात. त्या मंदिरासारख्या बांधलेल्या नसतात: दगड, झाड, थोडी मोकळी जमीन, एवढंच. तिथे आजही माणसं येऊन हात जोडतात. कुणी प्रार्थना करत असेल तर लांब थांबा, फोटो नको. नाणी ठेवू नका, दगडावर दगड रचू नका. मला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण पडका किल्ला म्हटलं की लोकांना वाटतं इथलं सगळं संपलेलं आहे. किल्ला संपला, पूजा नाही संपली.

माथ्यावरून आता नैऋत्येकडे, उपसागराच्या पलीकडच्या डोंगररांगेकडे बघा. तिथे नाकागुसुकूचा किल्ला आहे. हवा स्वच्छ असेल तर ती रांग स्पष्ट दिसते. आणि त्या रांगेच्याही मागे शुरी. कात्सुरेन आणि राजधानी यांच्या बरोबर मधे नाकागुसुकू. हा नकाशा डोक्यात पक्का करून मगच खाली उतरा.

मातीतून काय निघालं

आता संग्रहालय. इथे तीन गोष्टी शोधा.

पहिली, कौलांचे तुकडे. ओकिनावातल्या बहुतेक गुसुकूंवर कौलं नव्हती. शुरी, उरासोए आणि कात्सुरेन अशा मोजक्याच ठिकाणी त्या काळची कौलं सापडतात. उरासोए ही शुरीच्या आधीची राजधानी. म्हणजे दोन राजधान्या आणि एक कात्सुरेन. करड्या रंगाचा एक फुटका तुकडा या सरदाराची ऐपत सांगून जातो.

दुसरी, चिनी मातीची भांडी. हिरवट झिलईची तर खूपच, आणि युआन काळातली, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातली, निळ्या-पांढऱ्या नक्षीचीही. युआन काळातली निळी-पांढरी भांडी त्या वेळी अतिशय मौल्यवान होती. चीनच्या मिंग दरबाराशी रीतसर व्यवहार 1372 पासून मध्य र्‍युक्यूच्या राजाच्या नावाने सुरू झाला होता. पूर्व किनाऱ्यावरच्या एका सरदाराकडे एवढा माल साठत असेल तर राजधानीला ते खुपत असणारच, असं माझं मत आहे.

तिसरी, नाणी. 2013 च्या उत्खननात निघालेली काही नाणी तपासून 2016 मध्ये उरुमा शहराने (कात्सुरेन याच शहरात येतं) जाहीर केलं की त्यात चार नाणी रोमन आहेत, तिसऱ्या-चौथ्या शतकातली, आणि एक ऑटोमन, 1687 सालचं. जगभर बातमी झाली. आता इथे उडी मारायची नाही. रोमन नाणं सापडलं म्हणजे रोमन माणूस आला असं नव्हे. ती नाणी पाडली गेली तेव्हा हा किल्ला व्हायला आठशे वर्षं अवकाश होता. ती हातोहात, बंदराबंदरांतून फिरत आली असणार. मला त्यांच्यापेक्षा ऑटोमन नाणं जास्त मोलाचं वाटतं. किल्ला पडला 1458 मध्ये, नाणं 1687 चं. म्हणजे किल्ला गेल्यावर दोनशे वर्षांनीही या टेकडीवर लोकांचं येणं-जाणं होतं. नोरोंच्या बैठका आणि हे नाणं एकाच दिशेला बोट दाखवतात. पडका किल्ला म्हणजे एका दिवशी थांबलेलं घड्याळ नव्हे, हे मुलांना शिकवायला याहून चांगला पुरावा मला मिळालेला नाही.

आता गोष्ट ऐका

अमावारी सामान्य शेतकऱ्याच्या घरात जन्मला असं सांगतात. कात्सुरेनचा आधीचा सरदार मोचिझुकी याला हटवून तो गादीवर आला. त्याचं वजन एवढं वाढलं की राजा शो ताइक्यूने आपली मुलगी मोमोतो-फुमिआगारी त्याला दिली. समोर नाकागुसुकूला गोसामारू होता. हा त्या काळचा नावाजलेला सेनानी आणि किल्ले बांधणारा. परंपरेप्रमाणे राजाची राणी ही गोसामारूची मुलगी, म्हणजे अमावारीची बायको त्याची नात.

राजधानीतला इतिहास असा सांगतो: 1458 मध्ये अमावारीने राजाचे कान भरले की गोसामारू बंडाची तयारी करतोय. राजाने फौज पाठवली. राजावर शस्त्र उचलायचं नाही म्हणून गोसामारूने लढाई न करता स्वतःचा जीव घेतला. मग अमावारीने शुरीवरच चालून जायचं ठरवलं. ते राजकन्येबरोबर आलेल्या उनी-उफुगुसुकू या सरदाराला कळलं, तो तिला घेऊन रातोरात शुरीला पळाला, आणि राजाच्या फौजेने कात्सुरेन पाडला.

इतिहासाच्या तासाला मी मुलांना जे तीन प्रश्न विचारायची, तेच इथे विचारा. कुणी लिहिलं? कधी लिहिलं? आणि या सगळ्यात फायदा कुणाचा झाला?

लिहिलं 1650 मध्ये, शुरीच्या दरबारात. तोपर्यंत गोसामारूच्या वंशजांचं घराणं दरबारातल्या मोठ्या घराण्यांपैकी एक झालं होतं. 1719 मध्ये चिनी दूतांसमोर दरबारी नाट्याचा पहिला प्रयोग झाला, त्यातल्या एका नाटकात गोसामारूची दोन मुलं अमावारीचा सूड घेतात. तिथून पुढे अमावारी खलनायक म्हणून पक्का झाला. आणि फायदा? 1453 च्या आगीतून शुरी नुकती उठत होती. पाच वर्षांनी, एकाच वर्षात, पूर्वेकडचा बंदरवाला सरदार आणि मधल्या किल्ल्यातला सेनानी दोघेही गेले. राजधानीला आव्हान देऊ शकेल असं कुणी उरलं नाही. राजाने हे ठरवून घडवलं असं म्हणायला पुरावा नाही. पण कौलं, भांडी आणि माथ्यावरून पाहिलेला नकाशा हे तिन्ही एकत्र ठेवले तर ‘एक दुष्ट, एक निष्ठावान’ ही मांडणी मला पटत नाही. ही भांडणं व्यापाराची आणि समुद्रावरच्या ताब्याची होती, असं मला वाटतं.

दुसरा आवाजही आहे. ‘ओमोरो सोशी’ हा र्‍युक्यूच्या जुन्या गीतांचा संग्रह दरबारानेच 1531 ते 1623 या काळात टप्प्याटप्प्याने जमवला. त्यात कात्सुरेनची आणि अमावारीची स्तुती गाणारी गीतं आहेत. एकात कात्सुरेनला कशाची उपमा द्यावी, तर जपानच्या कामाकुराची, म्हणजे तिथल्या एके काळच्या सत्ताकेंद्राची, अशा अर्थाच्या ओळी आहेत. गीतं जमवणाऱ्या दरबाराने ती गाळली नाहीत. ज्याला इतिहासाने बंडखोर ठरवलं त्याची स्तुती त्याच राज्याच्या गीतसंग्रहात टिकून राहिली, हे मला फार मोठं वाटतं.

आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत, कात्सुरेनच्याच बाजूच्या. त्यांच्या लहानपणी बाहेरगावी अमावारीचं नाव दुष्ट म्हणूनच घेतलं जाई, आणि घरी मात्र त्याच्याबद्दल वेडंवाकडं बोललेलं चालत नसे. “आमच्या गावाला त्याने कधी त्रास दिला नाही,” असं त्यांची आजी सांगे. 2000 सालापासून उरुमातली शाळकरी मुलं अमावारीला नायक मानणारं नाटक करतात. या आजींचा नातू त्यात नाचलाय. प्रयोग असेल त्या दिवसांत आलात तर चुकवू नका. जपानी कळत नसलं तरी चालेल, गोष्ट तुम्हाला आता माहीत आहे.

पडताळा घ्यायला दुसरे किल्ले

एकच किल्ला पाहून मत बनवू नका. दुसऱ्या दिवशी योमितानचा झाकिमी आणि मग नाकागुसुकू बघा. दोन्ही गोसामारूच्या नावाशी जोडलेले.

झाकिमी लहान आहे, फक्त दोन आवारं, आत जायला पैसे पडत नाहीत. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला गेला. इथल्या कमानीच्या दरवाजाच्या मधोमध वर बघा: दोन मोठ्या दगडांच्या सांध्यात एक लहान पाचर बसवली आहे. बाकी गुसुकूंच्या कमानींत ती दिसत नाही. टेकडी लाल मातीची आणि भुसभुशीत असल्यामुळे भिंती जाड आणि नागमोडी ठेवल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने इथे विमानविरोधी तोफा ठेवल्या, युद्धानंतर अमेरिकेने रडार बसवलं. तेव्हाचे घावही भिंतीच्या इतिहासातच धरा.

नाकागुसुकूला तिन्ही प्रकारचं दगडकाम एकाच जागी आहे, त्यामुळे कात्सुरेनला शिकलेली नजर इथे तपासून घेता येते. गोसामारूने वाढवलेल्या भागातले आइकाता-झुमीचे सांधे अगदी जवळून बघा. 1853 मध्ये अमेरिकेच्या नौदलातल्या कमोडोर पेरीच्या तुकडीने हा किल्ला मोजून त्याचा आराखडा काढला होता, आणि त्यांनाही या दगडकामाचं कौतुक वाटलं होतं. इथे पूर्वेच्या भिंतीवरून उपसागराकडे बघा आणि कात्सुरेनची टेकडी शोधा. आता तुम्ही गोसामारूच्या जागी उभे आहात.

नाकिजिन लांब आहे, वेळ असेल तरच. जानेवारीच्या शेवटी गेलात तर चेरी फुललेली असते, पण गर्दीही तेवढीच.

परतीच्या दिवशी नाहात ओकिनावा प्रांताच्या संग्रहालयासाठी दोन तास ठेवा. तिथे काशाची मोठी घंटा आहे, पूर्वी ती शुरीच्या राजवाड्यात टांगलेली असे. र्‍युक्यू हे दक्षिण समुद्रातलं उत्तम ठिकाण आहे आणि जहाजांच्या जोरावर सर्व देशांमधला पूल झालं आहे, अशा अर्थाचा लेख तिच्यावर आहे. ओतणाऱ्या राजाचं नाव शो ताइक्यू आणि साल 1458. घंटेवर युद्धातले व्रणही आहेत, ते शोधा. ओमोरोमाची हे मोनोरेलचं स्टेशन तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सोमवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून विमानाचं तिकीट काढतानाच वार बघून घ्या.